ऑगस्टातलं प्रदर्शन आणि कागदाची निवड: मुंबईच्या हवेत कोणती प्रिंट तग धरते

जागतिक छायाचित्रण दिन १९ ऑगस्टला येतो, कारण १८३९ साली त्याच तारखेला पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्रणाची पद्धत जगापुढे खुली झाली. मुंबईतले क्लब, कॉलेजांचे फोटो विभाग आणि हौशी गट आपली समूह-प्रदर्शनं त्याच सुमाराला लावतात. नेमका तोच काळ कागदाला सगळ्यात वाईट. हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असते आणि भिंती आतून ओल्या असतात. दालनात दिवसभर एसी आणि रात्री बंद, असा प्रकार असेल तर प्रिंट रोज एकदा आखडते आणि एकदा फुगते. फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सवाच्या दिवसांत जी प्रिंट काचेमागे ताठ बसते, तीच ऑगस्टात चौथ्या दिवशी लाटा मारायला लागते. प्रदर्शनाच्या प्रिंटसाठी मुंबईत सहज मिळणाऱ्या कागदांचा आणि फ्रेमिंगचा हा आढावा त्याच कसोटीवर आहे. दुकानात हातात घेतल्यावर कागद कसा वाटतो याला इथे फारसं महत्त्व नाही. भिंतीवर आठवडाभर राहिल्यावर तो कसा दिसतो, हे महत्त्वाचं.

निकाल आधीच सांगतो. बहुतेक प्रदर्शनांसाठी ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा शंभर टक्के कॉटनचा मॅट कागद, १६ बाय २४ इंचाची प्रतिमा, नीट माउंट (प्रिंटभोवतीची जाड पुठ्ठ्याची खिडकी) आणि साधी काळी किंवा लाकडी रंगाची फ्रेम, एवढं पुरतं. बरायटा, म्हणजे सौम्य चमकीचा कागद, देखणा खराच, पण परावर्तन रोखणाऱ्या काचेचे पैसे नसतील तर तो घेऊ नये. लस्टर, म्हणजे प्लास्टिकच्या थरांतला मंद चमकीचा कागद, विद्यार्थ्यांसाठी आणि एका आठवड्याच्या प्रदर्शनासाठी प्रामाणिक पर्याय आहे. सनबोर्डवर (हलक्या फोमच्या फलकावर) चिकटवलेलं व्हिनाइल, म्हणजे छापील प्लास्टिक, फक्त माहितीफलकांसाठी. कॅनव्हास नको. त्याच्या विणीत फोटोतला बारीक तपशील हरवतो, चौकटीवर ताणलेलं कापड पावसाळ्यात सैल पडतं आणि कोपऱ्यांवरची शाई तडकते.

आकाराबद्दल एक गोष्ट इथेच. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची असते. १६ बाय २४ इंचांवर ती बरोबर २५० पीपीआय (इंचाला २५० पिक्सेल) बसते, आणि दोन-तीन फुटांवरून बघणाऱ्याला त्यात कुठेही उणीव जाणवत नाही. २० बाय ३० केलं की २०० पीपीआयवर येते. तेही चालतं, पण फोकस जरासा हुकलेला असेल तर तो लपत नाही. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइल फाइलमधून ४००० बाय ३००० पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० पीपीआयवर साधारण १३ बाय १० इंच. ती ताणून ३० इंच करण्यापेक्षा १२ बाय ९ छापावी आणि माउंट रुंद ठेवावं. मोठ्या भिंतीवर लहान प्रिंट लोक जवळ जाऊन बघतात. फुगवलेली प्रिंट बघून मात्र माणूस दोन पावलं मागे जातो.

कॉटन मॅट: पहिली पसंती

या वर्गात सगळ्यात जास्त वापरला जातो तो हानेम्यूलेचा फोटो रॅग ३०८. शंभर टक्के कॉटन, पृष्ठभाग गुळगुळीतच पण किंचित सुती पोताचा. कॅन्सन इन्फिनिटीचा रॅग फोटोग्राफिक ३१० हा त्याचा थेट प्रतिस्पर्धी. तो थोडा जास्त सपाट आहे आणि त्यात ऑप्टिकल ब्राइटनर नाहीत. फोटो रॅगमध्ये ते थोड्या प्रमाणात आहेत.

ब्राइटनर म्हणजे कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेली रसायनं. अतिनील किरण शोषून ती निळसर प्रकाश बाहेर टाकतात. घरात खिडकीशी कागद शुभ्र दिसतो, पण दालनातल्या एलईडीत अतिनील जवळजवळ नसतं, त्यामुळे तोच कागद तिथे मळकट वाटतो. शिवाय काही वर्षांत ही रसायनं निकामी होतात आणि कागद पिवळट दिसायला लागतो. तपासायला सोपं आहे. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च घ्या, खोलीत अंधार करा आणि कागदावर मारा. ब्राइटनर असलेला कागद निळा पेटतो, नसलेला मंद आणि पिवळसर राहतो. लॅबमध्ये नमुना बघायला जाताना हा टॉर्च खिशात ठेवावा. लॅबने सांगितलेला कागद आणि प्रत्यक्ष घातलेला कागद एकच आहे का, याचा थोडाफार अंदाजही त्यातून येतो.

मॅट कागदाचा मोठा गुण म्हणजे चमक नाही. दालनात समोर दरवाजा किंवा ट्यूबलाइट असली तरी साध्या काचेमागेही प्रतिमा बऱ्यापैकी वाचता येते, आणि काच नसेल तर कुठूनही बघा, सारखीच दिसते. उणीव काळ्या रंगात. मॅट कागदावर कमाल घनता, म्हणजे काळा किती गडद होतो त्याचं माप, साधारण १.६ ते १.७ पर्यंत जाते, बरायटावर २.२ च्या पुढे. म्हणून रात्रीचं मरीन ड्राइव्ह किंवा विसर्जनातल्या काळोखातले चेहरे मॅटवर तसेच छापले तर सावल्या एकमेकींत बुडून चिखल होतो. छापण्याआधी फाइलमध्ये सावल्यांचा भाग थोडा उचलावा, मधल्या छटांचा कॉन्ट्रास्ट वाढवावा आणि हे काम त्या कागदाच्या आयसीसी प्रोफाइलने (त्यावर रंग कसे उमटतात ते सांगणाऱ्या फाइलने) सॉफ्ट-प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी येईल ते पडद्यावर दाखवणारी सोय, चालू ठेवून करावं. छापता न येणारे रंग कसे बदलायचे ते ठरवणारा रेंडरिंग इंटेंट रिलेटिव्ह कलरिमेट्रिक आणि फाइलमधला काळा कागदाच्या काळ्याशी जुळवणारं ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू, हा सुरुवातीचा सुरक्षित पर्याय. साडी बाजार किंवा फुलबाजारासारख्या भडक रंगांच्या फोटोत छटा तुटताना दिसल्या तरच परसेप्च्युअल करून बघावं.

कॉटन कागदाची एक खोड माहीत असलीच पाहिजे. कापताना आणि रोल उलगडताना त्यावर सुताचे बारीक कण राहतात. प्रिंटर त्या कणांवरही शाई टाकतो. पुढे प्रिंट हाताळताना कण गळतो आणि गडद आकाशात टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका उरतो. हा दोष प्रिंट घेताना दिसत नाही, फ्रेम बंद झाल्यावर दिसतो. उपाय एकच: छापण्याआधी कागद उभा धरून मऊ, रुंद ब्रशने झटकणं. लॅबवाल्यांना हे आवर्जून विचारा. ज्यांना प्रश्नाचा रोख लगेच कळतो, ती लॅब कॉटनवर रोज काम करणारी आहे. ठिपका पडलाच तर पिगमेंट पेनने किंवा बारीक ब्रशने टिपून झाकता येतो, पण ते शांत हाताचं काम आहे.

दुसरी खोड पावसाळ्याची. ओलाव्याने कागदाच्या कडा वर उचलल्या जातात आणि प्रिंटरचं हेड त्या कडेला घासतं. मग कडेला काळपट ओरखडा उमटतो. ऑपरेटरने प्लेटन गॅप (हेड आणि कागद यांच्यातलं अंतर) एक पायरी वाढवली आणि कागद छापण्याआधी एसी खोलीत काही तास सपाट ठेवला, तर हे टळतं. मॅट काळी शाई घासली जाण्यात नाजूक असते. दोन प्रिंट एकमेकींवर सरकल्या तरी चकचकीत रेघ उठते आणि ती पुसता येत नाही. प्रत्येक प्रिंटमध्ये आम्लरहित पातळ कागद घालायला सांगा, आणि हातमोजे घालूनच उचला.

बरायटा आणि प्लॅटिन

हानेम्यूलेचा फोटो रॅग बरायटा ३१५ आणि कॅन्सनचा प्लॅटिन फायबर रॅग ३१०, दोन्ही कॉटनचे आणि दोन्हींवर जुन्या डार्करूमच्या फायबर प्रिंटसारखी सौम्य चमक. कृष्णधवल फोटोसाठी यांच्या तोडीचं दुसरं काही नाही. पावसात भिजलेल्या डांबरी रस्त्याचा काळा आणि त्यावरचा छत्रीचा काळा हे दोन वेगळे काळे या कागदांवरच वेगळे राहतात. दोघांत प्लॅटिन जास्त पसंत. त्यात ब्राइटनर नाहीत, पोत शांत आहे, आणि दालनाच्या उबदार प्रकाशात त्याचा पांढरा रंग तसाच राहतो.

अडचण अशी की या कागदांची चमक आणि काचेची चमक एकावर एक चढते. साधी फ्लोट काच दोन्ही पृष्ठभाग मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फेकते. गडद फोटोसमोर पांढरा सदरा घातलेला माणूस उभा राहिला की त्याला फोटोआधी स्वतःच दिसतो. परावर्तन रोखणारी लेप दिलेली काच हेच प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आणते, पण तिची किंमत प्रिंटच्या वर जाऊ शकते. फ्रेमवाले स्वस्तात ‘नॉन-ग्लेअर’ काच सुचवतात. ती खरवडलेल्या पृष्ठभागाची असते आणि माउंटमुळे प्रिंटपासून तीन-चार मिलिमीटर दूर राहिली की फोटो धुरकट दिसतो. ती घेऊ नका.

दुसरा दोष तिरकं बघितल्यावर दिसतो. शाई असलेल्या भागाची चमक आणि कोऱ्या कागदाची चमक वेगळी असते, त्यामुळे पांढऱ्या ढगांच्या कडेला तेलकट सीमारेषा उमटल्यासारखी वाटते. काही कॅनन प्रिंटरमध्ये क्रोमा ऑप्टिमायझर नावाचा पारदर्शक द्रव असतो, तो सगळीकडे सारखा फिरवून हे झाकतो. लॅबमध्ये असा प्रिंटर असेल तर बरायटासाठी तोच मागा. नसेल तर फाइलमध्ये निव्वळ पांढरा (२५५) न ठेवता तो २४८-२५० पर्यंत खाली आणा, म्हणजे कोऱ्या जागीही थोडी शाई पडते.

लस्टर आणि लॅबची रासायनिक प्रिंट

एप्सनचा प्रीमियम लस्टर २६० किंवा त्या जातीचा आरसी (रेझिन-कोटेड) कागद, आणि मिनिलॅबची (फोटो छापणाऱ्या छोट्या मशीनची) फुजी क्रिस्टल आर्काइव्हसारखी रासायनिक प्रिंट, हे दोन्ही सगळ्यात स्वस्त. लग्नाचे अल्बम छापणाऱ्या लॅबकडे दुसरा प्रकार त्याच दिवशी मिळतो. पण मिनिलॅबची रुंदी बहुधा १२ इंचांवर थांबते, म्हणून १२ बाय १८ हाच तिथला व्यवहार्य आकार. फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत, ३०० पीपीआयवर द्या, आणि ‘ऑटो करेक्शन बंद’ असं लिहून द्या. नाहीतर मशीन प्रत्येक फोटो आपल्या मनाने उजळ करतं आणि मालिकेतले दहा फोटो दहा तऱ्हांनी येतात.

आरसी कागद प्लास्टिकच्या थरांमध्ये असतो, त्यामुळे दमट हवेत तो लाटा कमी मारतो. हा मुंबईत मोठा फायदा. मात्र इंकजेटच्या शाईतला ग्लायकॉल हा द्रव खाली कागदात मुरू शकत नाही, तो वरूनच उडतो. प्रिंट काढल्या काढल्या फ्रेम केली तर तो काचेच्या आतल्या बाजूला धुक्यासारखा जमतो. चोवीस तास उघडी ठेवावी, मध्ये साधा कोरा कागद घालून तो एकदोनदा बदलावा. पावसाळ्यात दोन दिवस धरा. वृत्तपत्राचा कागद मात्र वापरू नका, त्याची शाई उतरते. आणि आरसी काय, रासायनिक प्रिंट काय, काचेला थेट टेकली तर दमटपणात पृष्ठभाग मऊ होऊन चिकटते. मग फ्रेम उघडताना थर सोलून निघतो. त्याला दुरुस्ती नाही.

सनबोर्ड

३ किंवा ५ मिलिमीटरचा सनबोर्ड आणि त्यावर व्हिनाइल, हे कॉलेजच्या महोत्सवात सर्रास दिसतं, कारण हलकं असतं आणि दुतर्फी टेपने भिंतीला लागतं. ती टेप मुंबईच्या ऑगस्टात पहाटे सुटते आणि फलक तोंडावर पडतो. गॅलरीच्या रंगवलेल्या भिंतीला टेप लावू देतात का, हेही आधी विचारायला लागतं. व्हिनाइलची छपाई बहुधा सीएमवायके (चार शायांच्या) मशीनवर, सपाट रंगांसाठी बसवलेली असते. त्वचेच्या छटा तिथे विटकरी होतात. प्रदर्शनाचं नाव, छायाचित्रकारांचं मनोगत, नकाशा यासाठी तो उत्तम.

लॅबशी व्यवहार

फोर्टपासून अंधेरीपर्यंत फाइन आर्ट छपाई करणाऱ्या लॅब बहुतेक चौरस इंचाच्या दराने पैसे घेतात, जीएसटी वेगळा. दर विचारताना एकच प्रश्न नीट विचारा: प्रतिमेचा आकार मोजता की कागदाचा? १६ बाय २४ ची प्रतिमा ३८४ चौरस इंच होते. चारही बाजूंनी एक इंच पांढरी कड ठेवली की कागद १८ बाय २६, म्हणजे ४६८. बावीस टक्के फरक. ही कड काढून टाकायचा मोह होतो, पण माउंट आणि हाताळणी या दोन्हींसाठी ती लागतेच.

फाइल टिफ, रंगांचं प्रोफाइल आत जोडलेली, रंगपद्धत अडोबी आरजीबी किंवा लॅब म्हणेल ती. सीएमवायके करून देऊ नका. या प्रिंटरांमध्ये आठ ते बारा शाया असतात आणि तुमच्या रूपांतराने त्यांची अर्धी ताकद वाया जाते. मॉनिटरची चमक ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर ठेवा. घरच्या लॅपटॉपवर ती दुप्पट-तिप्पट असते आणि ‘प्रिंट काळी आली’ या तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण तेच.

पैसे वाचवायचे असतील तर कागदाच्या आकारात वाचवा, टेस्ट स्ट्रिपमध्ये नको. सगळा फोटो लहान करून छापलेली चाचणी फसवी असते, कारण तिच्यात धार आणि दाणा दोन्ही वेगळे दिसतात. मूळ आकारातलाच चार इंच रुंद पट्टा कापून छापा. मालिकेतला सगळ्यात गडद फोटो, सगळ्यात उजळ फोटो आणि माणसाच्या त्वचेचा एक, एवढे तीन पट्टे पुरे. ते दुसऱ्या दिवशी बघा, कारण ओली शाई मॅट कागदावर सुकताना किंचित बसते. आणि शक्य असेल तर दालनात जाऊन तिथल्याच दिव्याखाली बघा. ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात समुद्राचा निळा राखाडी होतो. लॅबच्या पांढऱ्या दिव्याखाली मंजूर केलेला फोटो उद्‌घाटनाच्या संध्याकाळी परका वाटतो, त्याचं कारण हे.

ऑर्डर देताना छापून घेण्याआधीचा नॉझल चेक (शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारी छापील चाचणी) बघायला मागायला लाजू नका. त्यात एक रेघ तुटलेली असेल तर सपाट आकाशात बारीक पट्टे येणारच.

कागद प्रत्यक्ष टांगलेला बघायचा असेल तर मुंबईत सोय आहे. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्राचं दिलीप पिरामल दालन छायाचित्रणासाठीच आहे. १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर आर्ट गॅलरीत फोटोंची प्रदर्शनं लागत असतात, आणि समोरच सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. सोमवारी ते बंद असतं. तिथे फोटोसमोर सरळ उभं राहून झालं की एक पाऊल बाजूला सरका आणि तिरकं बघा. काचेतलं प्रतिबिंब, कागदाची चमक, माउंटची कापणी, प्रिंटच्या लाटा, सगळं तिरकं बघितल्यावरच कळतं.

सलोनला, म्हणजे छायाचित्रांच्या स्पर्धेला, पाठवायच्या प्रिंटचा हिशोब वेगळा आहे. १९३७ साली स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडियासारख्या संस्थांनी ही परंपरा मुंबईत रुजवली. सलोनमध्ये परीक्षकांसमोर प्रिंट थोडा वेळच राहते, तिथे लस्टर किंवा बरायटाचा ठसठशीत काळा कामाला येतो आणि फ्रेम लागत नाही. तीच प्रिंट जशीच्या तशी प्रदर्शनाला लावू नये. नियमावलीतला माउंटचा आकार आणि जाडीही दर वेळी वाचावी.

फ्रेमिंग: इथेच जास्त नुकसान होतं

चांगल्या कागदावरची उत्तम प्रिंट फ्रेमवाल्याकडे गेल्यावर बिघडते, याची उदाहरणं प्रत्येक गटात सापडतील. गिरगाव-काळबादेवीपासून दादरपर्यंत फ्रेमवाले हुशार आहेत, हात साफ आहे. पण त्यांची रोजची कामं देवाच्या तसबिरींची आणि घरातल्या फोटोंची. त्यांना नेमकं काय हवं ते लिहून द्यायला लागतं.

पहिली सूचना: फेव्हिकॉल नको, रबर सोल्यूशन नको, सेलोटेप नको. पाण्याच्या गोंदाने कागद फुगतो, रबर सोल्यूशनचा पिवळा डाग वर्षा-दोन वर्षांत पुढच्या बाजूला उमटतो. प्रिंट फक्त वरच्या कडेला दोन जागी अडकवायची, आम्लरहित कागदी टेपच्या टी आकाराच्या बिजागरीने. खालच्या आणि बाजूच्या कडा मोकळ्या. फ्रेमवाल्याला वाटतं की चारही बाजूंनी चिकटवलं तर प्रिंट सपाट राहील. होतं उलटं. कॉटन कागद दमट हवेत लांबी-रुंदीला थोडा वाढतो. जागा मिळाली नाही की मध्ये फुगवटा येतो. ऑगस्टातल्या लाटांचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं, आणि दोष मात्र कागदाला दिला जातो.

दुसरी: माउंट हवंच. शोभेसोबत त्याचं काम प्रिंट आणि काच यांच्यात अंतर ठेवण्याचंही आहे. आम्लरहित माउंटबोर्ड मागा आणि कापलेल्या तिरक्या कडेचा गाभा बघा. स्वस्त बोर्डाचा गाभा काही महिन्यांत तपकिरी होतो. १६ बाय २४ च्या प्रतिमेला अर्धा इंच पांढरी कड दिसू द्यायची, मग माउंटची खिडकी १७ बाय २५, आणि चारही बाजूंनी ३ इंच माउंट धरलं की काच २३ बाय ३१ इंचांची लागते. माउंट नकोच असेल तर काचेच्या कडेला फ्रेमच्या पट्टीखाली ३ ते ६ मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे अंतर राखणारा तुकडा.

तिसरी: पाठीला उघडा हार्डबोर्ड थेट प्रिंटला टेकवू नये. त्यातलं आम्ल आणि ओल दोन्ही कागदात उतरतात. मध्ये आम्लरहित बोर्डाचा एक थर, मग हार्डबोर्ड, आणि मागच्या फटी कागदी टेपने बंद. या टेपमुळे धूळ आणि कसर आत शिरत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराची किंवा फेल्टची बटणं लावली की फ्रेम भिंतीपासून थोडी सुटी राहते आणि ओल्या भिंतीमागे हवा खेळते. हा दोन-चार रुपयांचा उपाय पावसाळ्यात बुरशीपासून वाचवतो.

काच की ॲक्रिलिक? काच प्रति चौरस मीटर दर मिलिमीटरला अडीच किलो भरते. वरच्या मापाची २ मिलिमीटर काच सुमारे २.३ किलो होते, ॲक्रिलिक १.१ किलो. वीस फ्रेमचं प्रदर्शन असेल तर नुसत्या काचेचं ओझं ४६ किलो, ॲक्रिलिकचं बावीस. वाहतूक टेम्पोने किंवा टॅक्सीने, आणि दालन वरच्या मजल्यावर असेल तर हा फरक हाताला कळतो. ॲक्रिलिक फुटत नाही, पण ओरखडे पटकन उठतात आणि स्थिर विजेने धूळ ओढून घेतं. ते कोरड्या फडक्याने घासू नये, आणि अमोनिया असलेला काच-क्लीनर तर अजिबात नाही. मायक्रोफायबर आणि साधं पाणी पुरे. मोठ्या आकाराला २ मिलिमीटर ॲक्रिलिक दमटपणात पोटातून वाकतं, तिथे ३ घ्या. गडद, नाजूक मॅट प्रिंटवर आमची पसंती काचेलाच.

पट्टी सिंथेटिक घेतली तर ओलाव्याने ती हलत नाही, स्वस्तही पडते. लाकडी पट्टी सुंदर दिसते, पण न मुरलेल्या लाकडाचा कोपऱ्यातला पंचेचाळीस अंशांचा सांधा पावसाळ्यात उघडतो आणि तिथे पांढरी फट दिसते. लाकूडच हवं असेल तर उन्हाळ्यातच फ्रेम बनवून ठेवा.

समूह-प्रदर्शनात सगळ्यात जास्त खटकते ती भिंतीची गोधडी: एकाची चकचकीत, दुसऱ्याची मॅट, तिसऱ्याची सोनेरी पट्टी. प्रत्येकाने आपापली छपाई करून आणायची पद्धत बंद करावी. फाइल एकाने गोळा कराव्यात, एकच लॅब, एकच कागद, दोनच आकार. एकगठ्ठा कामाला लॅब आणि फ्रेमवाला दोघेही दर कमी करतात, आणि फोटो चांगला आहे की नाही हे बघणाऱ्याला निर्मळ नजरेने कळतं.

टांगणी आणि वाहतूक

फ्रेम बबल रॅपमध्ये गुंडाळताना बुडबुडे बाहेरच्या बाजूला ठेवा. दमट हवेत आतल्या बुडबुड्यांचे गोल ठसे पट्टीच्या पॉलिशवर आणि ॲक्रिलिकवर राहतात. काचेवर मास्किंग टेपची फुली मारा. काच फुटलीच तर तुकडे प्रिंट फाडत नाहीत. ॲक्रिलिकवर टेप नको. फ्रेम आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ लावून, मध्ये पुठ्ठा. पावसातून एसी दालनात आणल्यावर लगेच उघडू नका, चार-पाच तास बंदच राहू द्या.

टांगताना फ्रेमचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर आणा. हिशोब असा: ५८ अधिक फ्रेमची अर्धी उंची, वजा तार ताणल्यावर तिचा मध्य फ्रेमच्या वरच्या कडेपासून जितका खाली येतो तेवढं. २४ इंच उंच फ्रेम आणि तार २ इंच खाली येत असेल तर ५८ + १२ - २, म्हणजे हुक ६८ इंचांवर. डी-रिंग (तार अडकवायच्या कड्या) फ्रेमच्या वरून एक तृतीयांश उंचीवर लावा. तंगूस वापरू नका. वजनाने तो हळूहळू लांबतो आणि तिसऱ्या दिवशी ओळ वाकडी होते. विणलेली स्टीलची तार घ्या आणि शक्य तिथे दोन हुक. दिवा भिंतीशी तीस अंशांत पडेल असा वळवा. त्याहून जास्त समोरून आला तर काचेत दिवाच दिसतो, फार उभा आला तर पट्टीची सावली फोटोवर पडते.

प्रदर्शन उतरल्यावर फ्रेम तशाच प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर टाकण्याची सवय घातक आहे. प्लास्टिकमध्ये कोंडलेली ओल महिनाभरात बुरशी देते. प्लास्टिक काढा, मागची टेप सोडवून प्रिंट कोरडी आहे का बघा, आणि फ्रेम आतल्या भिंतीशी, जमिनीपासून वर, उभ्या ठेवा. पावसाच्या बाजूची भिंत टाळा. विकल्या न गेलेल्या प्रिंट काढून आम्लरहित कागदात, पुठ्ठ्याच्या सपाट फोल्डरमध्ये ठेवायच्या, सिलिका जेलच्या पुड्या सोबत घालायच्या आणि त्यांचा रंग बदलला की बदलायच्या.